परसातली टिकटिक: किडा की बेडूक? (जांबोटी, ता. खानापूर)

जांबोटीचा_पावसाळी
मंडळी, एक शंका आहे. आमचं घर जांबोटीपासून थोडं आत, कणकुंबीच्या वाटेला. मागे हळदीचे वाफे, त्यापलीकडे करवंदीच्या जाळ्या, मग गडगा आणि गडग्यापलीकडे रान. मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की तिन्हीसांजेपासून मागून टिक-टिक-टिक-टिक सुरू होतं. जुनं गजराचं घड्याळ असायचं ना, तसं, पण घाईतलं. पाच-सात टिकटिक झाल्या की गप्प. मग दुसऱ्या कोपऱ्यातून कुणीतरी उत्तर देतं.

आजी सांगायची, किडा हाय तो. बाबा पण किडाच म्हणतात. मीही चाळीस वर्षं किडाच समजून झोपलो. परवा पुतणी आली, बेळगावात बीएस्सी करते, ती म्हणाली, "काका, हा बेडूक आहे." सगळं घर हसलं. आमच्या परसात ना विहीर, ना डबकं. सगळा उतार, पाणी थांबतच नाही. बेडूक राहणार कुठे आणि अंडी घालणार कुठे?

मोबाईलवर रेकॉर्ड करून खाली जोडलंय. मध्येमध्ये कुत्रं भुंकतंय, त्याकडे दुर्लक्ष करा. ओळखून देणाऱ्याला अर्धा किलो कुंदा माझ्याकडून.

शहापूरचा_बाळू
पहिला प्रश्न, कुंदा कुठल्या दुकानातला?

वडगाव_शिवार
बेडूकच तो. आमच्या भाताच्या वाफ्यात रोप लावणीच्या वेळी हे एवढेसे बेडूक असतात, नखाएवढे. आवाज मात्र असा की कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं, टर्र्र टर्र्र. रात्रभर. वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात या दिवसांत कुणालाही विचारा.

जांबोटीचा_पावसाळी
नाही वो, टर्र्र नाही. सुट्टी सुट्टी टिकटिक आहे. आणि जमिनीवरून नाही, कमरेच्या उंचीवरून येते. जवळ गेलं की बंद.

रानवाटा_ताई
रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. पुतणीचं कौतुक करा आणि हसलेल्यांनी तिची माफी मागा. बेडूकच आहे, आणि बहुतेक नुसता बेडूक नाही, झुडुपी बेडूक. कानडी शेजारी असतील तर त्यांना 'मरगप्पे' म्हणा, लगेच समजतील.

वडगावचे दादा ज्याचं वर्णन करतात तो वेगळा. तो मायक्रोहायला, चिंचोळ्या तोंडाचा. त्याचं सगळं आयुष्य साचलेल्या पाण्याशी बांधलेलं. लावणीच्या वेळी वाफ्यातल्या पाण्यात काचेसारखी आरपार दिसणारी पिल्लं तरंगताना पाहिली असतील, ती बहुधा त्याचीच.

तुमच्या परसातला गडी राओर्केस्टिस या वंशातला असावा. (पेपरवाले कशालाही 'प्रजाती' म्हणतात, म्हणून सांगते: मी वंश म्हणते ते आडनाव समजा आणि जात म्हणते ते पाळण्यातलं नाव. शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं.) या वंशात आज सत्तरहून जास्त जाती धरतात. बहुतेक सगळ्या सह्याद्रीतल्या, थोड्या ईशान्येकडे आणि पलीकडे. अंगाने दोन-अडीच सेंटिमीटर, काही त्याहून लहान, काही थोड्या मोठ्या. बोटांच्या टोकांना चपट्या गोल चकत्या असतात, त्यांच्या जोरावर पानाला चिकटून बसतात. ओरडतात ते फक्त नर. ओरडताना गळ्याखालची पिशवी डोक्याहून मोठी फुगते आणि इतकी पातळ होते की विजेरीच्या उजेडात आरपार दिसते.

आता तुमचा खरा प्रश्न, पाण्याशिवाय पिल्लं कशी. यांना पाणी लागतच नाही. म्हणजे डबकं, ओढा, विहीर यातलं काही नाही. अंड्यातून शेपटीवालं पिल्लू बाहेर येऊन पोहणं हा प्रकारच यांच्यात नाही. ती अवस्था अंड्यातच उरकते. काही आठवड्यांनी अंडं फोडून बाहेर येतो तो चार पायांचा, तांदळाच्या दाण्याएवढा बेडूक, कधी शेपटीचा एक बुंधा शिल्लक असलेला. काही जाती ओल्या मातीत उकरून अंडी पुरतात, काही पानाला चिकटवतात. केरळात एक राओर्केस्टिस चलाझोडेस म्हणून आहे, तो चक्क बांबूच्या पेऱ्यात शिरतो. पेऱ्याच्या बुडाशी चीर असते, त्यातून आत. अंडी तिथेच, आणि राखण करायला बाप. हा बेडूक १३६ वर्षं कुणाला दिसलाच नव्हता. २०११ साली पुन्हा सापडल्याचं जाहीर झालं, आणि त्याचं बांबूतलं घर त्यानंतर तीनेक वर्षांनी उजेडात आलं.

म्हणजे तुमचा उतार आणि न थांबणारं पाणी हा पुरावा बेडकाच्या विरुद्ध नाही, बाजूने आहे. यांना डबकं नको, सतत दमट हवा हवी. ती जांबोटी-कणकुंबीत पावसाळाभर फुकट मिळते.

शहापूरचा_बाळू
ताई, राओर्केस्टिस म्हणजे ऑर्केस्ट्रा का? रात्रभर वाजवतात म्हणून?

रानवाटा_ताई
चुकून बरोबर बोललात! ग्रीक भाषेत ऑर्केस्टिस म्हणजे नाचणारा, आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे मुळात नाचायची जागा. धातू एकच. झाडबेडकांसाठी 'ऑर्केस्टिस' हे नाव पूर्वी कुणीतरी वापरलं होतं, पण ते आधीच एका भुंग्याला दिलेलं निघालं. प्राणिशास्त्रात आधी आलेल्याचं नाव राहतं, म्हणून बेडकाचं रद्द झालं.

नावाच्या सुरुवातीचा 'राव' हा आपल्या राज्याचा. सी. आर. नारायण राव, बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. 'करंट सायन्स' हे नियतकालिक १९३२ साली निघालं, त्याचे पहिले संपादक तेच. १९३७ साली त्यांनी दक्षिणेतल्या बेडकांवर मोठा लेख लिहिला, अनेक नव्या जाती नोंदवल्या. दुःखाची गोष्ट अशी की त्यांनी जपलेले मूळ नमुने पुढे हरवले, आणि त्यांनी सांगितलेला बेडूक नेमका कुठला यावर नंतरच्या लोकांना वर्षानुवर्षं डोकं खाजवावं लागलं. डीएनए तपासून सह्याद्रीतले हे झुडुपी बेडूक आग्नेय आशियातल्या फिलाउटस वंशापेक्षा वेगळे ठरले, तेव्हा बेडकांचे अभ्यासक बिजू आणि सहकाऱ्यांनी २०१० साली नवा वंश केला आणि त्याला रावांचं नाव दिलं.

कणकुंबी_माउली
काय सांगूलालीस ताई! मी लहानपणापासून ऐकूलालोय ते, देवळाच्या मागच्या रानात. आम्ही त्याला 'घड्याळ्या' म्हणतोय. एकानं पण कधी बघितलं नाही.

रानवाटा_ताई
'घड्याळ्या' हे नाव मी वहीत टिपून घेतलं, दादा. शास्त्रीय नावापेक्षा चांगलं आहे.

तिलारीकडचा
चंदगडला आमच्याकडे पण हाच आवाज. एक भाबडा प्रश्न. पावसाळ्यात विहिरीवर, टाकीवर ओणवलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा लटकतो. तो यांचाच का?

रानवाटा_ताई
नाही. तो यांच्या मोठ्या चुलत्याचा, मलबारच्या उडत्या बेडकाचा. हिरवागार, बोटांमधले पडदे केशरी. तो फेसात अंडी घालतो, पिल्लं खाली पाण्यात टपकतात आणि तिथे वाढतात. घराणं एकच, पण त्याला खाली पाणी लागतं. कृपा करून फोटोसाठी ते गोळे फोडू नका.

कॅसलरॉकचा
धागा वाचून राहवलं नाही. वडील रेल्वेत, माझा जन्म कॅसलरॉकच्या क्वार्टर्समधला. लोंढ्याहून गाडी वर चढली की धुकं आणि पाऊस, सहा महिने कपडे वाळत नसत. स्टेशनवर टिकटिक असायचीच. आम्ही म्हणायचो सिग्नलची तार वाजतेय.

रानवाटा_ताई
कॅसलरॉकचा माणूस हवाच होता! तुम्हाला माहीत आहे का, मुंबई झुडुपी बेडूक, राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस, हा जगाला पहिल्यांदा तुमच्या कॅसलरॉकहून कळला. नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ साली वर्णन केलं. तेव्हा त्याचा वंश इक्झॅलस धरला होता, मग फिलाउटस झाला, मग राओर्केस्टिस. आडनाव दोनदा बदललं, नाव तेच राहिलं. हे अ‍ॅनंडेल म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक.

आणि २००५ साली दास आणि कुंटे यांनी तिथूनच एका रातबेडकाची नवी जात नोंदवली, निक्टीबॅट्रॅकस पेट्रियस. तो ओढ्याकाठचा, झुडुपी नव्हे. एवढ्याशा स्टेशनाच्या नावावर दोन बेडूक.

कॅसलरॉकचा
अहो, आम्हाला शाळेत स्टेशनाची एवढीच माहिती दिली की इथे इंग्रजांची हद्द संपून पोर्तुगीजांची सुरू व्हायची आणि सामान तपासायचे. बेडकाचं कुणी बोललं नाही. आजच आईला फोन करतो.

निपाणी_नाका
बेडूक कॅसलरॉकचा आणि नाव मुंबईचं? हा काय न्याय?

रानवाटा_ताई
न्याय त्या काळचा. कॅसलरॉक उत्तर कानडा जिल्ह्यात, आणि १९१९ साली उत्तर कानडा मुंबई इलाख्यात. बेळगाव, धारवाड, विजापूर सगळेच. अ‍ॅनंडेलच्या लेखाचा विषयच मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांमधले बेडूक असा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, १९७३ ला राज्याचं कर्नाटक झालं, २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. बेडकाचं मात्र बॉम्बेएन्सिसच राहिलं. शास्त्रीय नाव एकदा रीतसर छापून आलं की ठिकाण चुकीचं वाटतंय म्हणून बदलता येत नाही.

निपाणी_नाका
म्हणजे १९५६ च्या आधीचा नकाशा मानणारा सीमाभागात एकच प्राणी उरला. याला एकीकरण समितीचं सदस्यत्व द्या!

गोकाक_फॉल
सुरू झालं. बेडकात पण सीमावाद. त्या बेडकाला राओ हे आडनाव बेंगळुरूच्या माणसाचं मिळालंय, ते दिसलं नाही वाटतं.

निपाणी_नाका
दिसलं की. म्हणून तर म्हणतोय, आडनाव कर्नाटकाचं आणि नाव मुंबईचं. आमच्या गल्लीत निम्मी माणसं अशीच आहेत.

धागापाल
हसण्यावारी आहे तोवर ठीक. यापुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा वर्षानुवर्षं चालू आहे, तिकडे जा. इथे फक्त बेडूक.

पणजी_व्हाया_चोर्ला
सहज आठवलं. आमच्याकडे गोव्यात पावसाळ्यात मोठे बेडूक धरून खायचे, 'जंपिंग चिकन' म्हणत. गुन्हा आहे, तरी चोरून चालतं. तुमचा हा नखाएवढा असल्यामुळे वाचला म्हणायचा. चोर्ल्याच्या रस्त्यावर मात्र चाकाखाली किती जातात ते पहिल्या पावसात रात्री एकदा गाडी हळू चालवून बघा. हळू चालवली तर दिसतात.

जांबोटीचा_पावसाळी
मंडळी, सापडला!! लांबड लागेल, पण लिहितोच.

काल रात्री साडेआठला पुतणी, मी आणि दोन विजेऱ्या. ताईंनी व्यक्तिगत निरोपात युक्ती दिली होती, तशी विजेरीला लाल जिलेटीन कागद लावला, दिवाळीतल्या मिठाईच्या खोक्यावरचा. पायाला तंबाखूचं पाणी लावलं तरी जळवा चढल्याच. पहिली पंधरा मिनिटं नुसता छळ. आवाज उजवीकडून येतोय म्हणून उजवीकडे गेलो की डावीकडून यायचा. अगदी समोर आहे वाटायचं आणि समोर फक्त पान. एक पाऊल टाकलं की गप्प, आपण गप्प राहायचं, तीन-चार मिनिटांनी पुन्हा टिक.

मग पुतणीने डोकं चालवलं. ती गडग्याच्या टोकाला उभी राहिली, मी हळदीच्या वाफ्यापाशी. दोघांनी डोळे मिटून, आवाज येईल तिकडे हात करायचा. डोळे उघडले तर दोघांचे हात एकाच करवंदीच्या जाळीवर मिळाले. जाळीत चार काटे खाल्ल्यावर दिसला. कमरेएवढ्या उंचीवर, एका पानावर तिरका बसलेला. माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. मातकट तपकिरी, पाठीवर काळपट रेघा, दोन कंस पाठीला पाठ लावून ठेवावेत तशा. आम्ही श्वास रोखून. आणि त्याने गळा फुगवला! बुडबुडा. खरोखर आरपार. प्रत्येक टिकसरशी सगळं अंग पुढे-मागे हलत होतं.

बाबांना हाक मारली. बाबा छत्री घेऊन आले, चष्मा पुसला, वाकून बघितलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढ्याशातून एवढा आवाज निघतोय?" आणि आत जाताना पुतणीला, "तू सांगितलं होतंस म्हणा."

जेवताना मात्र म्हणाले, आई किडा म्हणायची तर ते काही अगदीच चूक नव्हतं, आकार किड्याचाच आहे. म्हणजे हार मानली, पण आजीची नाही मानू दिली.

शहापूरचा_बाळू
वाचताना माझ्याच पायाला जळू चढली. भारी.

कणकुंबी_माउली
घड्याळ्या सापडला म्हणायचा! फोटो टाक की.

जांबोटीचा_पावसाळी
टाकलाय, जरा हललाय. हाताला मच्छरचं मलम होतं म्हणून पुतणीने हात लावू दिला नाही.

रानवाटा_ताई
पुतणीला शंभरपैकी शंभर. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे हाताला लागलेलं मलम, साबण, मीठ सगळं त्याच्या अंगात जातं. हात न लावता जेवढं कळतं तेवढं पुरे.

खानापूर_बाजार
माझा अनुभव थोडा वेगळा. गेल्या पावसाळ्यात शेणखताचा ढीग उपसताना गांडुळासारखं लांब काहीतरी निघालं, पण गुळगुळीत आणि तोंड असलेलं. गड्याने दुतोंड्या साप म्हणून ठेचलं. ताई, ते काय असेल?

रानवाटा_ताई
देवगांडूळ असावं. ना गांडूळ, ना साप, बेडकाचाच बिनपायांचा भाऊबंद. माणसाला त्याचा धोका नाही. आपल्या भागात त्यांच्याही बऱ्याच जाती आहेत. एकीचं नाव तर म्हादई नदीवरून ठेवलंय, गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस, २००७ सालचं. पुढच्या वेळी गड्याला थांबवा.

जांबोटीचा_पावसाळी
ताई, आता खरी अडचण. बाबांनी गणपतीच्या आधी मागची साफसफाई ठरवलीय. करवंदीच्या जाळ्या तोडायच्या, पाला गोळा करून जाळायचा आणि गडग्याच्या कडेला तणनाशक मारायचं. गडीही सांगून झालाय. काय करू?

रानवाटा_ताई
तणनाशकाला आधी नाही म्हणा, बाकीचं नंतर बोलू. पाल्याखालच्या ओल्या मातीत आत्ता अंडी असू शकतात. मोठा बेडूक हजारोंनी अंडी घालतो, त्यातली शेकडो गेली तरी वंश चालतो. यांची अंडी डझनावारी मोजायची. एक ढीग जाळला तर त्या कोपऱ्यातल्या दोन-तीन माद्यांची वर्षाची मेहनत गेली.

जाळ्या तोडायच्याच असतील तर पाऊस संपून टिकटिक थांबल्यावर तोडा, आणि सगळ्या नको. गडग्यालगतची एक रांग राहू द्या. पाला जाळण्याऐवजी हळदीच्या वाफ्यावर पसरा, हळदीलाही बरं.

एक आणखी. या धाग्यावरून उत्साह येऊन कुणी रात्री विजेऱ्या घेऊन भीमगडच्या रानात शिरू नका. २०११ पासून ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत गेलात तर वनखातं धरेल, आणि योग्यच करेल. आंबोलीत पावसाळ्यात फोटोवाले काय गोंधळ घालतात ते बघून आलेय. पानं तोडतात, बेडूक उचलून 'चांगल्या' फांदीवर ठेवतात. परसात बसून ऐका, तेवढं पुष्कळ आहे.

जांबोटीचा_पावसाळी
बाबांशी बोललो. तणनाशक रद्द. जाळ्यांचं दिवाळीनंतर बघू म्हणाले. पाल्यावरून मात्र वाद आहे, आईला अंगण स्वच्छ पाहिजे आणि तिचं म्हणणं की बेडकासाठी पाहुण्यांसमोर कचरा ठेवायचा का. शेवटी पुढचं अंगण आईचं, मागचं परस बेडकाचं असं ठरलं.

तिलारीकडचा
आता कुंद्याचं बोला. ताईंनी ओळखलं, निकाल लागला.

रानवाटा_ताई
घाई नको. मी फक्त वंश सांगितला, आणि तोही 'बहुतेक'. टिकटिकीवरून माझे कान बॉम्बेएन्सिसकडे झुकतात. पण आपल्या पट्ट्यात स्युडोफिलाउटस अंबोली पण आहे, २००९ साली आंबोलीहून नोंदवलेला, तसाच झुडुपात बसणारा, तोही पाण्याशिवाय पिल्लं वाढवणारा. ते दोन कंस पाठीवर अनेकांना असतात. रंग तर एकाच जातीत दहा तऱ्हांचे. हललेल्या फोटोवरून मी जात सांगितली तर माझ्याच विद्यार्थ्यांनी मला नापास करावं. कुत्रं न भुंकणारं, निदान दोन मिनिटांचं स्वच्छ रेकॉर्डिंग पाठवा. शक्य असेल तर त्या वेळचं तापमानही टिपा, गारव्यात हाकेचा वेग कमी होतो.

शहापूरचा_बाळू
म्हणजे आडनाव कळलं, नाव नाही.

जांबोटीचा_पावसाळी
मग हिशोब सोपा आहे. अर्ध्या किलोतला पाव किलो पुतणीला, कारण बेडूक म्हणून पहिल्यांदा तीच बोलली. उरलेल्या पाव किलोतला निम्मा ताईंना, आडनावाचा. बाकीचा अडकवून ठेवलाय, जात सांगेल त्याला. कुत्रं आज रात्री पुढच्या खोलीत बांधतोय.

शहापूरचा_बाळू
दुकानाचं नाव अजून सांगितलं नाहीस.